शीळफाट्यापासून तळोज्यापर्यंत

मुंब्रा स्टेशनातून बाहेर पडले की एका अंगाला पारसिकचा डोंगर आणि दुसऱ्या अंगाला खाडी. डोंगरावर मुंब्रादेवीचे देऊळ, खाली रस्त्याच्या कडेने मशिदींचे मिनार, आणि या सगळ्याच्या मधून जुना मुंबई-पुणे रस्ता कौशाकडे जातो. मुंब्रा आणि कौसा ही मुळात कोकणी मुसलमानांची आणि आगरी-कोळ्यांची जुनी गावे. कौशात अजूनही एखाद-दुसरे कौलारू घर दोन इमारतींच्या मध्ये अंग चोरून उभे असलेले दिसते. पुढे १९९२-९३ च्या दंगलीनंतर मुंबईतून कुटुंबेच्या कुटुंबे इकडे आली. कुणी भायखळ्याहून, कुणी जोगेश्वरीहून, कुणी धारावीतून. त्यांना पाण्याचा नळ किती वाजता येतो हे विचारायला सवड नव्हती. शेजारी आपला असावा, रात्री दार लावून झोपता यावे, सकाळी अजान ऐकू यावी, एवढेच मागणे होते. त्या मागणीला पुरे पडावे म्हणून इमारती उभ्या राहिल्या, आणि फार घाईने उभ्या राहिल्या. परवानगी घेऊन बांधलेल्या थोड्या, न घेता बांधलेल्या पुष्कळ.

माझी मोठी बहीण, आम्ही तिला आपा म्हणतो, गेली अकरा वर्षे अमृतनगरच्या आसपास राहते. घर स्वतःचे नाही. हेवी डिपॉझिटवर आहे. मुंब्र्याबाहेरच्या वाचकांना हा प्रकार कदाचित माहीत नसेल, म्हणून सांगते. घरमालकाला चार-पाच लाख रुपये एकरकमी द्यायचे, भाडे द्यायचे नाही, आणि घर सोडताना रक्कम तशीच्या तशी परत घ्यायची. ऐकायला सोयीचे वाटते. पण मालकाने ती रक्कम दुसरीकडे गुंतवलेली असते, आणि परत द्यायची वेळ आली की तो दुसऱ्या भाडेकरूच्या शोधात निघतो. आपाची या अकरा वर्षांत चार घरे झाली. दर वेळी पलंग उतरवायचा, फ्रीज दोरीने बांधायचा, गॅसचा पत्ता बदलायचा. दुल्हेभाई बोटीवर होते, आता घरी असतात. मुलगा कुवेतला नोकरी करतो. त्यानेच यंदा फोनवर सांगितले, ‘अम्मी, आता घर बघा. नवीन बघा, जुने नको.’

म्हणून आम्ही तिघे घर बघायला निघालो. आपा, दुल्हेभाई आणि मी. मला सोबत घेण्याचे कारण एवढेच की मी चाळीस वर्षे शाळेत शिकवले आणि कागद शेवटपर्यंत वाचायची मला खोड आहे.

सुरुवात जवळूनच केली. कौशाच्या पुढे रस्ता शीळफाट्याकडे जातो. एकीकडे कल्याणचा रस्ता, एकीकडे महापे, समोर पनवेल. अवजड ट्रक दिवसरात्र धावतात आणि धूळ खाली बसतच नाही. या भागात एका एजंटाने आम्हाला नवी इमारत दाखवली. सात मजले, बाहेरून आकाशी रंग, जिन्याला चकचकीत फरशी. दोन खोल्या आणि स्वयंपाकघर, अठरा लाख. आपाला स्वयंपाकघराची खिडकी आवडली. तिथून डोंगर दिसत होता.

बिल्डर स्वतः भेटायला आला. तरुण, नम्र, सलाम करून खुर्ची पुढे करणारा. चहा आला, समोसे आले. बोलण्यात दर दोन वाक्यांनी ‘इन्शाअल्लाह’. मी विचारले, ‘इमारतीला महापालिकेची परवानगी आहे का?’ तो म्हणाला, ‘खाला, यहाँ सब ऐसे ही है. हजारों लोग रह रहे हैं.’ मी विचारले, ‘करारनामा रजिस्टर होईल का?’ तो म्हणाला, ‘नोटरी करके देंगे ना. पाँच सौ के स्टॅम्पपेपर पर. अपने ही लोग हैं, अपनों से क्या डर?’ मग आपणहून म्हणाला, ‘बँक का लोन नहीं होगा, पर आपको लेना भी कहाँ है? ब्याज का चक्कर ही नहीं. आधा अभी दो, आधा दो साल में हप्तों से.’

दुल्हेभाईंचा चेहरा उजळला. व्याजाचे कर्ज घ्यायचे नाही हे त्यांच्या घरात केव्हाच ठरलेले आहे, आणि इथे समोरचा माणूस बिनव्याजी हप्ते देत होता. रक्कम आवाक्यात, खिडकीतून डोंगर, मशीद चार पावलांवर. नाही म्हणावे असे त्यात वरकरणी काहीच नव्हते.

खाली उतरल्यावर मी दुल्हेभाईंना बोटाने रस्त्याची दिशा दाखवली. त्यांना सांगावे लागले नाही. याच शीळ भागात ४ एप्रिल २०१३ रोजी संध्याकाळी लकी कंपाउंडमधली इमारत कोसळली. वर मजले चढवण्याचे काम चालू होते आणि खाली माणसे राहायलाही आली होती. ७४ माणसे गेली, त्यात कितीतरी मुले. ती इमारतही नवीनच होती. परवानगी नव्हती. आत राहायला आलेल्यांना कुणीतरी ‘यहाँ सब ऐसे ही है’ असेच सांगितले असणार. त्यानंतर बारा वर्षांनी, २०२५ च्या जून महिन्यात, याच शीळमधल्या १७ बेकायदा इमारती पाडण्याचा आदेश उच्च न्यायालयाने ठाणे महापालिकेला दिला. पावसाच्या तोंडावर लोक सामान घेऊन रस्त्यावर आले. त्यांच्याकडेही नोटरीचे कागद होते. नोटरी फक्त एवढेच सांगते की या माणसाने माझ्यासमोर सही केली. जमीन कुणाची, इमारतीला मंजुरी आहे की नाही, खांबात सळई किती जाडीची, यातले काहीही नोटरी बघत नाही, आणि ते बघणे तिचे कामही नाही.

त्या संध्याकाळी आपाच्या घरी बसून आम्ही पुष्कळ बोललो. बिल्डरच्या एका वाक्याने मला थांबवले होते: बँकेचे लोन होणार नाही. लोक हे वाक्य ऐकतात आणि सोडून देतात, कारण लोन घ्यायचेच नसते. पण लोन का होणार नाही? बँक पैसे देण्याआधी आपला वकील लावते. तो जमिनीचे मागच्या तीस वर्षांचे कागद काढतो. बँकेचा इंजिनिअर इमारत बघून जातो, मंजूर नकाशा मागतो. बँकेला आपल्या सुखाची काळजी असते म्हणून नाही, तिला तिचे पैसे बुडवायचे नसतात म्हणून. पण तिच्या त्या स्वार्थात घर घेणाऱ्याचेही काम होऊन जाते. जिथे बँक पाय ठेवत नाही, तिथे का ठेवत नाही हे आधी विचारावे.

आणि जे कुटुंब दीनच्या कारणाने व्याजापासून दूर राहते, त्याच्या बाजूने हे कागद बघणारा कुणीच उरत नाही. कर्ज घेणाऱ्या शेजाऱ्याचे कागद बँक तपासते. रोख देणाऱ्या आपल्या माणसाचे कागद कोण तपासणार? एजंट? त्याला तर दोन टक्के मिळायचे असतात. व्याज टाळणाऱ्याने बँकेचे हे एक काम तरी स्वतःच्या अंगावर घ्यायला हवे. वकील स्वतः लावावा, इंजिनिअर स्वतः न्यावा. हा खर्च काही हजारांत असतो आणि आपण तो टाळतो. लग्नात मंडपवाल्याला मात्र त्याहून जास्त देतो.

दुल्हेभाई म्हणाले, ‘पण आपल्याच माणसावर एवढा अविश्वास?’ त्यांचा हा प्रश्न खरा होता. बोटीवर त्यांची सारी जिंदगी शब्दावर गेली. मी त्यांना सूरह बकराची २८२ वी आयत आठवून दिली. संपूर्ण कुरआनात सर्वात मोठी आयत ती, आणि ती आहे उधारीच्या व्यवहाराचा कागद करण्याबद्दल. मुदतीचा व्यवहार लिहून ठेवा, लिहिणाऱ्याने न्यायाने लिहावे, साक्षीदार ठेवा, रक्कम लहान असो की मोठी, लिहिण्याचा कंटाळा करू नका, असा तिचा आशय आहे. हा हुकूम ईमानवाल्यांना उद्देशून आहे. म्हणजे दोन्हीकडे आपलीच माणसे असतानाही कागद करायचाच. दुल्हेभाई थोडा वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, ‘मग उद्या पुढे जाऊन बघू या.’

पुढे म्हणजे तळोजे. शीळफाट्यावरून तोच जुना रस्ता दहिसर मोरीवरून पनवेलकडे जातो. दोन्ही बाजूंना गोदामे, वजनकाटे, ढाबे, मधूनच भाताची खाचरे. दिव्याहून पनवेलकडे रेल्वेही जाते आणि तळोजे पाचनंद नावाचे स्टेशनही लागते, पण गाड्या मोजक्या. चुकली की बसून राहा. आम्ही शेअर रिक्षा आणि पुढे बस असे गेलो. डोंगर मागे पडला तशी आपा सारखी मागे वळून बघत होती.

तळोजे गाव जुने, कोकणी मुसलमानांची वस्ती पिढ्यान्‌पिढ्यांची. त्याच्या बाजूला सिडकोने आखलेले नवे तळोजे आहे: सरळ रस्ते, सेक्टरचे आकडे, आणि जिकडे पाहावे तिकडे बांबूच्या पराती आणि हिरवी जाळी. गंमत अशी की रस्ते आधी झाले आणि माणसे नंतर आली. मुंब्र्यात नेमके उलटे. दुपारी एवढी शांतता होती की आपा म्हणाली, ‘इथे कुणी मेले तर खांदा द्यायला चार माणसे मिळतील का गं?’ दोन गल्ल्या पुढे गेल्यावर एका गाळ्यात जुहरच्या नमाजाची तयारी चाललेली दिसली, शेजारी मटणाचे दुकान, त्याच्या शेजारी मालवणी खानावळ. तिचा चेहरा जरा सैल झाला.

तळोज्याचे दोष लपवण्यात अर्थ नाही. पलीकडे औद्योगिक वसाहत आहे, रसायनांचे कारखाने आहेत. पहाटे हवेला वास येतो अशी रहिवाशांची जुनी तक्रार आहे. २०१७ साली इथल्या रस्त्यांवर निळ्या रंगाचे कुत्रे फिरताना दिसले होते. कारखान्याचा रंग कासाडी नदीच्या पाण्यात मिसळत होता आणि कुत्रे त्या पाण्यात उतरत होते. घर बघायला दुपारी जाऊ नये, एकदा पहाटे जावे. आम्ही पुढच्या रविवारी फजरनंतर लगेच पोहोचलो. वास होता. मुंब्र्यात गटाराचा असतो तेवढा नव्हता, पण निराळा होता, घशात बसणारा. दुल्हेभाईंना दम्याचा त्रास नाही म्हणून आम्ही पुढे गेलो. कुणाच्या घरी असेल तर त्याने इथेच थांबून विचार करावा.

जमेची मोठी बाजू मेट्रो. बेलापूर ते पेंधर हा मार्ग १७ नोव्हेंबर २०२३ रोजी सुरू झाला. ११ किलोमीटर, ११ स्टेशने. पेंधरला बसले की बेलापूर, आणि तिथून हार्बरची लोकल. मुंब्र्याच्या गर्दीत ज्याने सकाळची गाडी पकडली आहे त्याला याची किंमत कळेल. ९ जून २०२५ च्या सकाळी मुंब्र्याच्या वळणावर दारात लटकलेली माणसे गाडीतून पडली आणि त्यातली काही दगावली. त्या दिवसापासून भाचा फोन करताना आधी ‘अब्बा बाहेर गेलेत का’ असे विचारतो.

तळोज्यात आम्ही पाच इमारती बघितल्या. चार सोडल्या. कारणे साधी होती. एकीकडे सॅम्पल फ्लॅटमध्ये पलंग नेहमीपेक्षा आखूड बनवून ठेवला होता, खोली मोठी दिसावी म्हणून. दुल्हेभाईंनी त्यावर आडवे होऊन बघितले, पाय बाहेर. सेल्सवाली मुलगी हसू दाबत होती. दुसरीकडे ‘सहाशे फूट’ असे सांगितले, आणि कार्पेट किती विचारल्यावर आकडा तीनशे सत्तरवर आला. रेरा कायद्याने आता घर कार्पेट क्षेत्रफळावरच विकावे लागते. म्हणजे भिंतींच्या आत प्रत्यक्ष वापरायला मिळणारी जागा. आतल्या पडद्या त्यात धरतात; बाहेरच्या भिंती आणि बाल्कनी धरत नाहीत. बोलताना मात्र अजूनही लोक जुनेच आकडे फेकतात. तिसऱ्याने उघड्या जागेतल्या पार्किंगचे दोन लाख मागितले. उघडे पार्किंग बिल्डरला विकता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१० सालीच सांगून ठेवले आहे. चौथ्याकडे आजच टोकन दिले तर दीड लाख सूट होती. ज्याला उद्यापर्यंत दम नाही त्याच्याकडे तीन वर्षे आपले पैसे कसे ठेवायचे?

पाचवी इमारत सात मजल्यांची, तिसरा स्लॅब पडलेला. एक खोली, हॉल, स्वयंपाकघर, कार्पेट ३८० चौरस फूट, एक्केचाळीस लाख. शीळच्या घराच्या दुपटीहून जास्त, आणि एक खोली कमी. आपाने हिशेब केला आणि गप्प झाली. खिडकीतून डोंगर नाही, समोरच्या इमारतीची हिरवी जाळी.

इथला माणूस समोसे देत नव्हता. पण भिंतीवर महारेराचा नोंदणी क्रमांक लावलेला होता, आणि क्यूआर कोड होता, जो आता जाहिरातीतही छापावा लागतो. घरी येऊन मी महारेराच्या संकेतस्थळावर तो क्रमांक घातला. इमारतीचा मंजूर नकाशा, किती घरे विकली गेली, काम पूर्ण करण्याची तारीख, ती तारीख आधी पुढे ढकलली आहे का, जमिनीवर दावा आहे का, हे सगळे तिथे कुणालाही बघता येते. पैसे लागत नाहीत, ओळख लागत नाही. महाराष्ट्रात हे १ मे २०१७ पासून सुरू आहे, तरी आमच्या गल्लीत अजून ‘रेरा’ हा शब्द लोक ऐकून सोडून देतात.

तरीही मी आपाला म्हटले, नुसता रेरा क्रमांक पुरेसा नाही. कल्याण-डोंबिवलीत ६५ इमारतींचे प्रकरण वर्तमानपत्रांतून सर्वांनी वाचले असेल. महापालिकेच्या परवानग्या बनावट, शिक्के बनावट, आणि त्या बनावट कागदांवर रेराची नोंदणी मिळवलेली. लोकांनी क्रमांक बघून घरे घेतली. काहींनी तर बँकेचे कर्जही काढले होते. म्हणजे बँकही फसते. नोव्हेंबर २०२४ मध्ये उच्च न्यायालयाने त्या इमारती पाडायला सांगितल्या. तेव्हा बांधकामाची परवानगी, जिला सगळे ‘सीसी’ म्हणतात, तिची प्रत घेऊन परवानगी देणाऱ्या कार्यालयात जावे आणि हा कागद तुमच्याच दप्तरातला आहे का, असे लेखी विचारावे. दुल्हेभाई दोन चकरा मारून आले. पहिल्या दिवशी साहेब जेवायला गेले होते. दुसऱ्या दिवशी एका कारकून बाईंनी रजिस्टर काढून क्रमांक जुळवून दाखवला आणि अर्जावर पोच दिली. दुल्हेभाई त्या बाईंना अजून दुआ देतात.

वकील आम्ही पनवेलचा घेतला, ज्याला इथल्या जमिनींची जाण आहे. ते फार गरजेचे. नव्या मुंबईत साधा सातबारा बघून काम भागत नाही. पुष्कळसे भूखंड साडेबारा टक्के योजनेतले आहेत, म्हणजे ज्या गावकऱ्यांच्या जमिनी सिडकोने घेतल्या त्यांना परतावा म्हणून दिलेले. गावकऱ्याला सिडकोने भाडेपट्ट्याने दिलेला भूखंड, त्याच्याकडून बिल्डरकडे गेलेला, त्यासाठी सिडको, गावकरी आणि बिल्डर असा तिघांचा करार. ही साखळी एकाही कडीत तुटली असेल तर घर अधांतरी. आमच्या कागदांत मूळ गावकऱ्याच्या वारसांपैकी एका बहिणीची सही दिसत नव्हती. वकिलांनी विचारल्यावर बिल्डरने तिचे हक्कसोडपत्र काढून दाखवले. नोंदणी केलेले, तारखेसह. आपा ते बघून हळूच म्हणाली, ‘बिचारीने सोडले की सोडायला लावले?’ त्याचे उत्तर कागदावर नव्हते.

आता पैशांचे. बिल्डरने व्यवहारात वीस टक्के आधी मागितले. कायदा सांगतो, करारनामा नोंदवल्याशिवाय किमतीच्या दहा टक्क्यांपेक्षा जास्त घेता येत नाही. वकिलांनी तेवढेच सांगितले आणि तो मुकाट्याने चार लाख दहा हजारांवर आला. त्याला नियम ठाऊकच होता. पुढचे पैसेही कामाच्या टप्प्यांप्रमाणे: करारानंतर एकूण तीस टक्क्यांपर्यंत, पाया झाल्यावर पंचेचाळीस, सगळे स्लॅब होईपर्यंत सत्तर, असे करत शेवटचे पाच टक्के भोगवटा प्रमाणपत्र आणि ताबा मिळताना. आम्हाला हीच रचना मानवली. भाचा कुवेतहून जसे पाठवेल तसे टप्पे पुरे होतील, व्याजाचा संबंध नाही, आणि दिलेला प्रत्येक रुपया नोंदवलेल्या कराराखाली. शीळच्या माणसाने ज्याला बिनव्याजी हप्ते म्हटले, ते इथे कायद्याच्या चौकटीत मिळाले. ग्राहकांकडून आलेल्या पैशांतले सत्तर टक्के त्याने त्याच इमारतीच्या वेगळ्या खात्यात ठेवायचे असतात, तेही त्यातच आले.

करारात एक कलम होते की ताबा द्यायला उशीर झाला तर बिल्डर व्याज देईल. दुल्हेभाई त्यावर अडले. घ्यायचे नाही म्हणाले. मोहल्ल्यातल्या मौलानांना विचारायचे ठरले आहे. पण कलम खोडू नका असे मी आणि वकील दोघांनीही सांगितले. घ्यायचे की नाही, घेऊन काय करायचे, हे पुढे ठरवता येईल. ते कलम असल्यानेच समोरच्याला तारखेची आठवण राहते.

मग नावाचा प्रश्न आला, आणि खरे सांगायचे तर सगळ्या प्रवासात याला सर्वात जास्त वेळ लागला. घर फक्त बाईच्या नावावर घेतले तर महाराष्ट्रात मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत आहे, २०२१ पासून. एक्केचाळीस लाखांवर एक्केचाळीस हजार. एजंट म्हणाला, अम्मीच्या नावावर करा. दुल्हेभाईही हो म्हणाले. पण पैसे मुलाचे आहेत. आपाला दोन मुलीही आहेत. घर आपाच्या एकटीच्या नावावर झाले की ते तिच्या मालकीचे, आणि तिच्या पश्चात सर्व वारसांचे, ज्याच्या त्याच्या हिश्श्याने. मुलाने आईला घर देऊन टाकायचे असेल तर तसे मनात आणि शब्दांत स्पष्ट असायला हवे. फक्त सवलतीसाठी नाव लावायचे आणि घर आपलेच समजायचे, यातून वीस वर्षांनी बहीण-भावांत काय होते ते आपण घरोघरी बघतोच. मी आपाला सरळ विचारले, ‘तुला काय हवे?’ ती बराच वेळ ओढणीचे टोक चाळवत राहिली. मग म्हणाली, ‘मला कुणी पुन्हा पलंग उतरवायला सांगू नये. बाकी नाव कुणाचेही लावा.’

भाच्याला फोन लावला. त्याने दोघांची नावे लावायला सांगितली, त्याचे आणि अम्मीचे, आणि हिस्सा किती किती तेही करारात लिहायला सांगितले. सवलत गेली. एक्केचाळीस हजारांचे दुःख एजंटालाच जास्त झाले.

कुलमुखत्यारपत्र पाठवून त्याला कुवेतहून सही करता आली असती. वकिलांनी त्याची रीतही सांगितली: तिथल्या भारतीय दूतावासातून प्रमाणित करायचे, इथे आल्यावर तीन महिन्यांच्या आत मुद्रांक लावायचा. पण भाच्याने रजा टाकली आणि तीन आठवड्यांसाठी आला. म्हणाला, पहिलेच घर आहे, अंगठा स्वतः लावतो.

पनवेलच्या दुय्यम निबंधक कार्यालयात आमचा नंबर दुपारी साडेतीनला लागला. बाकावर शेजारी एक आगरी कुटुंब होते, त्यांच्या मुलीच्या नावावर घर घेत होते. आपाची आणि त्या बाईंची घटकाभरात ओळख झाली, कोलिम कशी करायची इथपर्यंत बोलणे पोहोचले. आत कॅमेऱ्यासमोर बसून फोटो, यंत्रावर अंगठा, दोन ओळखीचे साक्षीदार. नोंदणीची फी तीस हजार, त्याहून जास्त ती होत नाही. घर ४५ लाखांच्या आत आणि ६० चौरस मीटरच्या आत असल्याने जीएसटी एकच टक्का. मोठे घर असते तर पाच. आणि भोगवटा प्रमाणपत्र मिळालेले तयार घर घेतले असते तर तोही नाही. तयार घरे तिथे होती, पण पंचावन्न लाखांच्या पुढे. रक्कम एकदम द्यायची तर कर्जाशिवाय भागत नव्हते.

आपाच्या अंगठ्याची रेषा यंत्राला सापडेना. आयुष्यभर भांडी घासून बोटे गुळगुळीत झालेली. कारकुनाने ओल्या फडक्याने बोट पुसायला सांगितले, चौथ्यांदा जमले. बाहेर आल्यावर भाच्याने इंडेक्स टूची प्रत मोबाइलवर उघडून दाखवली. आपाने स्वतःचे नाव मोठे करून वाचले. मराठीत, पूर्ण, वडिलांच्या आडनावासह लिहिले होते का म्हणाली. मी म्हटले, ‘नवऱ्याच्या नावासह आहे.’ ‘चालेल,’ ती म्हणाली.

ताब्याची तारीख अजून दोन वर्षांपुढची आहे. तोवर आपा अमृतनगरलाच. घरमालकाने डिपॉझिट पन्नास हजारांनी वाढवून मागितले आहे. दुल्हेभाई महिन्यातून एकदा मेट्रो बघायच्या निमित्ताने तळोज्याला जातात, स्लॅब मोजतात आणि फोटो काढून कुवेतला पाठवतात. गेल्या महिन्यात त्यांनी बरोबर एक इंजिनिअर नेला. त्याने खांबांना हातोडीने ठोकून बघितले, दोन जागी काँक्रीट पोकळ वाजले. साइटच्या सुपरवायझरने ते भरून देतो म्हणून लिहून दिले आहे. ताबा मिळाल्यापासून पाच वर्षे बांधकामातला दोष बिल्डरने स्वखर्चाने, सांगितल्यापासून तीस दिवसांत दुरुस्त करायचा असतो, पण दुल्हेभाई तेवढे थांबायला तयार नाहीत. पुढच्या आठवड्यात ते परत ठोकून बघायला जाणार आहेत, आणि या खेपेला हातोडी घरूनच नेणार आहेत.